फळ्यावरचा बिल्ला

इटलीला जाऊन माणूस काय बघतो? तिकडे शिकणाऱ्या माझ्या मुलीने मला डोंगरातल्या एका गावात नेऊन बंद पडलेली खाण दाखवली. निम्म्या घरांना कुलपं होती. खाणीच्या तोंडाशी फळ्यावर कामगारांचे पितळी बिल्ले टांगलेले होते. गाईडने सांगायच्या आधीच मला कळलं. आत उतरताना बिल्ला फळ्यावर लावायचा, म्हणजे आत कोण अडकलंय ते बाहेरच्यांना समजतं. इकडे आखातात, मुसफ्फाला आमच्या यार्डात तेलाच्या टाकीत कामाला उतरताना आम्हीही तेच करतो, फक्त बिल्ला प्लास्टिकचा.

खाण मेली, गाव मरायला टेकलं, पण बिल्ले लखलखीत पुसलेले होते.

"पप्पा, विल दे कीप युअर्स टू?" मुलीने विचारलं.

"इन्शाल्ला," म्हणून मी विषय खलास केला.

यार्डात परतल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या बिल्ल्यावरच्या नावाच्या स्टिकरचा कोपरा सुटलेला दिसला. नखाने उचकटला. खाली दुसरं नाव होतं, त्याच्याही खाली तिसरं. दोघांनाही मी ओळखत नव्हतो.

"यल्ला, यल्ला!" मागून फोरमन घाई करत ओरडला.

मी अंगठ्याने माझं नाव दाबून बसवलं, बिल्ला फळ्यावर लावला आणि टाकीत उतरलो.