टाचेला अंगठा नसतो

परिषदेच्या स्मरणिकेसाठी 'लेखकाने परिषदेला का यावं' या विषयावर दोन-तीन पानं लिहून द्या, असं मला कळवलं आहे. मी लेखक नाही. एका लेखकाच्या मागे पुस्तकांचं खोकं घेऊन दहा परिषदा हिंडले, तेवढं सांगू शकते. रोजनिशा समोर आहेत, त्यामुळे तारखा चुकणार नाहीत.

सहाव्या परिषदेपासून सुरुवात करते, कारण तीच शेवटची ठरवून आम्ही आलो होतो.

बूटवाल्यांच्या, म्हणजे त्या लेखकाच्या, बिल्ल्यावर त्याही वर्षी नावाआधी 'डॉ.' छापलं होतं. सलग तिसऱ्यांदा. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीला ते म्हणाले, "मी डॉक्टर नाही. मी बूट करतो."

"असू द्या ना सर. पुढच्या वर्षी नक्की बदलू."

"पुढच्या वर्षी मी येणार नाही."

त्यांनी तिच्याकडून चिकटपट्टीचा तुकडा मागून घेतला, 'डॉ.'वर लावला आणि जिना चढायला लागले. दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत बूट. पाचव्या पायरीवर ते थांबले म्हणून मीही थांबले. आमचं दोघांचं वय मिळून दीडशेच्या घरात गेलं होतं, आणि सभागृह दर वर्षी वरच्याच मजल्यावर असायचं.

ते इस्पितळाच्या कार्यशाळेत अडतीस वर्षं होते. धुलाईघराच्या मागची खोली, एकच खिडकी, तिच्यासमोर माझ्या नोंदणी विभागाची खिडकी. ज्यांच्या तळपायाला काही जाणवत नाही, ज्यांचा पाय आत कलतो किंवा बाहेर पडतो, त्यांचे बूट ते करायचे. माणसाच्या तोंडाकडे ते नंतर बघत, आधी तळ बघत. आमचे हे गेल्यावर मी कामावर परत आले, तेव्हा सगळ्यांनी ठरावीक चार शब्द बोलून घेतले. बूटवाले आठवडाभराने खिडकीतून म्हणाले, "बाई, तुमची डावी चप्पल एका बाजूने फार झिजली आहे. कुणाचा भार घेऊन चालत होतात का?" शेवटची दोन वर्षं हे माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून चालत. मी चप्पल काढून दिली. त्यांनी ती नीट करून दिली.

पुढे तयार बूट खोक्यातून यायला लागले आणि कार्यशाळा बंद झाली. खोलीत जुन्या खाटा रचून ठेवल्या. निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी ते माझ्या दारात उभे राहिले. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा." शाळा त्यांनी सातवीत सोडली होती. मला आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी हात न थरथरता रेघ मारायला शिकवली होती. दीड वर्ष आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलो. ते पेन्सिलीने काढून देत, मी शाईने पक्कं करी. एकतीस आकृत्या झाल्या.

प्रकाशकाने पुस्तक काढलं, निळ्या पुठ्ठ्याचं. पण आधीच सांगून टाकलं, "दुकानात हे कोण मागणार? लेखक हिंडला तर पुस्तक हिंडेल. पायांचे डॉक्टर, नर्सा, बूट करणारे जिथे जमतात तिथे जा. नुसते जाऊ नका, बोला. बोलणाऱ्याचं पुस्तक घेतात."

म्हणून आम्ही हिंडलो. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून मी बरोबर. लोक विचारत, "या तुमच्या मिसेस का?" ते म्हणत, "नाही, या म्हणजे माझी वही."

त्यात खोटं काही नव्हतं. पुस्तक घेणाऱ्याचं नाव, दवाखाना, पत्ता आणि त्याने विचारलेला प्रश्न, सगळं मी त्याच दिवशी रोजनिशीत उतरवत असे. सिस्टर म्हणायच्या, आधी तारीख, मग घडलं ते, आणि मत सगळ्यात शेवटी, जागा उरली तरच.

पाच वर्षांत मत लिहायला जागा बरीच उरली. त्यांना दर वेळी जेवणानंतरची वेळ मिळायची. सभागृहात पडदे ओढलेले, पंखे चालू, पुढच्या दोन रांगा माना टाकून बसलेल्या. त्यांच्या लेकीचं म्हणणं स्पष्ट होतं. "बाबा, मोठ्या लोकांना जेवणाआधी बोलावतात. तुम्हाला जेवणानंतर. काय ते समजा."

"समजतो. अंगाई म्हणायला कुणीतरी लागतंच."

"आणि त्यासाठी दोन दिवस प्रवास? गुडघे बघा जरा स्वतःचे. जगाचे पाय बघून झाले असतील तर."

ते बूट पिशवीत भरायला लागत. मी पुस्तकांचं खोकं बांधत असे.

सहाव्या परिषदेला त्यांच्या पिशवीत बुटांखाली दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं होती. सोमवारी सही करून द्यायची होती. गाडीत ते म्हणाले होते, "माझ्या हाताखाली कुणी तयार झालं नाही, बाई. हात जाईल तेव्हा सगळं पुस्तकातच उरेल. ते बिनचूक उरलं की मी सुटलो. मग कुणी बोलवू नये आणि मी येऊ नये."

त्या दिवशी ते चौदा मिनिटं बोलले. एक बूट वर धरून दाखवला, मग दुसरा. आवाज थकलेला होता. अध्यक्ष डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "प्रश्न नसतील तर चहाकडे..."

अगदी मागच्या रांगेत एक हात वर होता. चाळिशीची बाई, मांडीवर कापडी पिशवी.

"सर, मी एका लहान दवाखान्यात असते. आमच्याकडे तयार बूट येतात, त्यांच्यात मी आतून फेरफार करून देते. मला कुणी शिकवलेलं नाही. दुकानात तुमचं पुस्तक मिळालं, त्यावरूनच शिकले." तिने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "पण एका ठिकाणी माझं चुकतंय. दोन वर्षं झाली, काय चुकतंय ते सापडत नाही."

"कुठे?"

"आकृती तेवीस. आत कलणाऱ्या पायाच्या टाचेची पाचर. मी कागद ठेवून अगदी तशीच कापते. तरी माणूस जास्तच आत कलतो. एका आजोबांना घोट्याखाली जखम झाली, त्यांना ती कळलीसुद्धा नाही. मग घाबरून मी पाचर उलटी बसवली, तर पाय सरळ. तेव्हापासून सगळ्यांना उलटीच बसवते. पण मनाला खातं सर. पुस्तकात आहे ते माझ्या हातून का होत नाही?"

दोन-तीन जण हसले. अध्यक्ष म्हणाले, "असं आहे, प्रत्येक पेशंट वेगळा असतो. तुम्ही बाहेर चहा घेताना सरांशी..."

"डॉक्टर, एक मिनिट," बूटवाले म्हणाले. "ताई, बूट आणलाय?"

तिने आणला होता. त्यासाठीच ती आठ तास बसने आली होती. ती पुढे येईपर्यंत बूटवाले व्यासपीठाच्या पायरीवर बसले, आणि बूट हातात येताच त्यांनी तो अडतीस वर्षांच्या सवयीने उलटा करून गुडघ्यावर ठेवला, तळ वर. मी पुस्तकांच्या टेबलाशी होते. त्यांचा हात टाचेवर आला आणि तिथेच राहिला.

"ताई, तुम्ही पाचर बसवताना बूट कसा ठेवता?"

"टेबलावर. सरळ."

"उलटा नाही?"

"उलटा कशाला? तळ शिवलेलाच येतो. मी वरून हात घालून बसवते."

"वरून," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "बाई, पुस्तक द्या."

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. बूटवाले पाचर खालून बसवत, तळ शिवण्याआधी, बूट मांडीवर पालथा घालून. त्यामुळे आयुष्यभर त्यांनी बूट खालून बघितला आणि आकृत्याही खालून दिसतो तशा काढल्या. उजवा बूट पालथा घातला की आतली बाजू उजव्या हाताला येते, सरळ ठेवला की डाव्या. बाकीच्या आकृत्यांत अंगठा दिसतो, म्हणून कोणती बाजू आतली हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. तेविसावी आकृती नुसत्या टाचेची होती. घोड्याच्या नालेसारखी, दोन्हीकडून सारखी. खाली लिहिलं होतं, 'उजवा बूट. रेघा मारलेली बाजू जाड ठेवावी.' ताईंसारखी ती वरून बसवली की जाड बाजू बाहेरच्या अंगाला जाते आणि पाय आणखी आत कलतो. त्या रेघा मी मारल्या होत्या.

बूटवाले उठले. ध्वनिक्षेपक त्यांना नीट धरता येत नसे, तो त्यांनी हनुवटीला टेकवला. "ज्यांच्याकडे माझं पुस्तक आहे त्यांनी तेविसावी आकृती उलटी समजावी. या ताईंचं बरोबर आहे. माझं चुकलं आहे."

मागच्या रांगांत जाग आल्यासारखी हालचाल झाली. अध्यक्ष काहीतरी सावरून घ्यायला लागले, पण बूटवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते त्या बाईला विचारत होते, "जखम भरली का?"

"सहा महिने लागले. भरली."

"चालतात?"

"चालतात."

त्यांनी मान हलवली आणि बूट तिच्या हातात परत दिला. तिने दोन वर्षं स्वतःलाच दोष दिला होता, आणि आता तो आपला नाही हे कळल्यावर ती रडायला लागली. तिला टेबलामागे बसवून मी पाणी दिलं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "रेघा मी मारल्या. विचारायला हवं होतं, वरून की खालून."

"तुम्ही माझ्या शेजारी बसून बघत होतात, बाई. शेजारी बसणाऱ्याला तेवढंच दिसतं." मग म्हणाले, "टाचेला अंगठा नसतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

घरी येऊन मी ती आकृती ज्या दिवशी केली त्या दिवसाची नोंद काढली. 'आकृती २३ पूर्ण. पाठ दुखते आहे. नळ गळतो, प्लंबर आला नाही.' बस, एवढंच.

सोमवारी त्यांनी प्रुफांवर सही केली नाही. प्रकाशक फोनवर कुरकुरला, मग थांबायला तयार झाला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "पुस्तकं कुणाकुणाकडे गेली, बाई?"

ताईंची सोडून दुकानांतून गेलेल्या सेहेचाळीस प्रतींचं काही कळण्यासारखं नव्हतं. परिषदांत गेलेल्या एकशे बारा प्रती मात्र माझ्या रोजनिशांत होत्या, नावापत्त्यासकट. आम्ही एकशे बारा पत्रं लिहिली. नुसत्या पत्राने त्यांचं समाधान होईना. प्रत्येक पत्राबरोबर त्यांनी जाड कागदाची टाच कापून घातली, बुटात ठेवून बघता येईल अशी, एका अंगाला 'ही बाजू वर' आणि कडेला 'ही कड आतल्या अंगाला' लिहून. त्यांची लेक आली तेव्हा टेबलभर कागदी टाचा होत्या.

"आता घरी बसणार होतात ना?"

"बसूनच कापतोय."

तिने पिशवी खाली ठेवली आणि दुसरी कात्री मागितली.

चोवीस उत्तरं आली. तिघांनी लिहिलं की त्यांच्याकडेही तसंच घडलं होतं आणि त्यांनी कामगाराला बोल लावला होता. एकाने प्रामाणिकपणे कळवलं की पुस्तक अजून उघडलेलं नाही. त्यावर बूटवाले त्या महिन्यात पहिल्यांदा हसले. "यांच्या हातून तरी कुणाचं वाईट झालं नाही." एक पत्र त्यांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मला दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊन परिषदेला कळवलं की येतो आहे. वेळ जेवणानंतरचीच होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पुस्तकात एक चूक आहे, ती आधी सांगतो." त्या दिवशी पुढच्या दोन्ही रांगा जाग्या राहिल्या. नंतर लोक टेबलाशी आले आणि स्वतःचे फसलेले बूट, फसलेली मापं सांगायला लागले. कोपऱ्यातून एक जण निळं पुस्तक घेऊन आला, दुकानातून घेतलेलं. बूटवाल्यांनी तेविसाव्या आकृतीवर स्वतःच्या हाताने पेनाने दुरुस्ती करून दिली. मी रोजनिशीत लिहिलं, 'सेहेचाळिसांतली पहिली.'

त्यानंतर तीन वर्षं ते येत राहिले. गुडघे आणखी गेले होते, जिना तोच होता. बिल्ल्यावर 'डॉ.' होतंच, त्यांनी चिकटपट्टी मागणं सोडलं. चार परिषदांत मिळून तेरा प्रती सापडल्या. शेवटच्या वर्षी पिशव्या त्या बसने आलेल्या ताईंनी उचलल्या, आणि बूट वर धरून दाखवायचं कामही त्यांनीच केलं. बूटवाले खुर्चीत बसून बघत होते. मधेच म्हणाले, "ताई, उलटा करून पण दाखवा. सगळे तुमच्या बाजूने बघत नाहीत."

ते जाऊन आता दोन महिने झाले. खोकं माझ्याकडे आहे, रिकामंच. मला आता जिना होत नाही, तेव्हा यंदा मी येणार नाही. ताई येतील.

लेखकाने परिषदेला का यावं याचं उत्तर मी दिलं का, मला माहीत नाही. तेहेतीस प्रती अजून कुठेतरी आहेत. तुमच्याकडे, किंवा तुमच्या ओळखीत कुणाकडे निळ्या पुठ्ठ्याची असेल तर तेविसावी आकृती उघडा, पेनाने फुली मारा, आणि बाजूला लिहा, 'खालून बघितलेली'. मग ताईंना नाव आणि दवाखाना सांगा. त्या मला कळवतील, मी तारीख घालून लिहून ठेवीन.