साडभाऊंच्या हातातली गाडी

माझ्या साडभाऊंचा गाडीवर हात बसत नाही, असं आमच्या सासरी छत्तीस वर्षं बोललं जातं. ते खरं नाही. खरं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण ती गोष्ट माझ्यामुळं सुरू झाली. आता एकाहत्तरावं चालू आहे. तोंडानं दोनदा सांगून पाहिलं, ते नीट जमलं नाही. म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. मी थोरलीचा, ते धाकटीचे. मी अमरावतीला जिल्हा परिषदेत कारकून होतो, ते अकोल्याला कॉलेजात वाणिज्याचे प्राध्यापक. सासर तिवस्याचं. पंगतीत पहिलं पान थोरला जावई म्हणून माझं, पण वाढून झालं की सासरे तोंड त्यांच्याकडं करून बसत. कापूस कधी विकावा, मुलाला कोणत्या शाखेत घालावं, दिल्लीतलं सरकार टिकेल काय, सगळं त्यांना विचारायचं. मला विचारत, "भात घेता काय अजून?"

मेहुण्याच्या लग्नात, मे महिन्यात, सासऱ्यांनी नवी गाडी घेतलेली होती. त्या घरातली पहिली. चालवता येणारे आम्ही दोघंच. दुपारी मी बर्फ आणायला गेलो आणि बर्फाच्या कारखान्यात गाडी मागं घेताना दगडी खांबाला ठोकली. डावीकडचा मागचा दिवा फुटला आणि पत्रा आत गेला. परत आल्यावर गाडी पाठ भिंतीकडं करून उभी केली, बर्फ उतरवला आणि माणसांत मिसळून गेलो. संध्याकाळी सांगू, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पण संध्याकाळी साडभाऊ तीच गाडी घेऊन बसस्टँडवर पाहुण्यांना आणायला गेले, आणि ते परतले तेव्हा मांडवातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात सगळ्यांना पत्रा दिसला.

आमच्याकडं जावयाला कोणी बोलत नाही. सासरे पत्र्याकडं पाहत राहिले. साडभाऊ म्हणाले, "मले तर आवाजही नाही आला." सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या जावईबापू, होते असं." संपलं. कोणी आरोपच केला नाही, तर माणूस उत्तर कशाला देईल? दुसऱ्या दिवशी वरातीसाठी गाडीची किल्ली सासऱ्यांनी माझ्या हातात ठेवली, साडभाऊंसमोर. दुपारी मी भीतीनं गप्प होतो. किल्ली हातात आल्यावर मात्र मी आनंदानं गप्प राहिलो. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं.

सगळ्यात वाईट हे की त्यांनाही ते खरं वाटलं. बसस्टँडच्या गर्दीत आपल्याच हातून लागलं असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. पुढं त्यांनी स्वतःची गाडी घेतली, पण माझी साळी, म्हणजे त्यांची बायको, हायवेवर त्यांच्या शेजारी बसायला तयार नसे. लांबचं जायचं झालं की अमरावतीला मला बोलावणं यायचं. मी एसटीनं अकोल्याला जायचो आणि त्यांची गाडी चालवायचो. पुढं मी, शेजारी माझी बायको, मागं साळी आणि साडभाऊ. स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसलेले प्राध्यापक मला आरशात दिसायचे. परतवाड्याच्या पुढं घाट लागला की साळी म्हणायची, "भाऊजी आहेत म्हणून जीवाले घोर नाही." मी आरशात पाहायचो. ते खिडकीबाहेर पाहत असत.

त्यांचा हात कसा आहे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांचं घर मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहरात. गल्ली अशी की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. त्या गल्लीतून ते रोज गाडी उलटी बाहेर काढत, दोन्हीकडं चार बोटं जागा ठेवून. कोपऱ्यावरचे गादीवाले चाचा कापूस पिंजता पिंजता मला एकदा म्हणाले होते, "प्रोफेसरसाब का हाथ देखा? इतने साल में मेरी एक गादी को नहीं लगाया." मी म्हणालो, "गल्लीचं वेगळं, हायवेचं वेगळं." हे वाक्य पुढं साळीनंही उचललं.

गेल्या डिसेंबरात साडभाऊंचा फोन आला. अमरावतीला गाडी हाताळायचं एक दिवसाचं प्रशिक्षण आहे, पुण्याचे लोक येऊन राहिले, आपापली गाडी घेऊन जायची. "साडभाऊ, तुमी चला माझ्यासोबत. तुमी असले की मले धीर राहते." मला हसू आलं. मी नाव दिलं ते शिकायला नव्हे. पुण्याच्या लोकांना वऱ्हाडातला ड्रायव्हर दाखवावा, असं मनात होतं. आणि साडभाऊंशेजारी मी उठून दिसणार, हेही होतं.

ते आदल्या दिवशी आले. ते गाडीनं, साळी एसटीनं. माझ्या दारात दोघं दहा मिनिटांच्या अंतरानं पोहोचले. दोघांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं, एवढी सवय झाली होती.

जागा म्हणजे एका बंद सूतगिरणीचं आवार. कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथलं लांबच लांब काँक्रीट झाडून त्यावर नारिंगी शंकू मांडले होते. बारा-तेरा गाड्या, त्यांत आम्हीच दोघं म्हातारे. दोघी बहिणी टिनाच्या शेडखाली खुर्च्या टाकून भरीत-पुऱ्यांचा डबा सांभाळत बसल्या. शिकवणारी मुलगी तिशीची, पुण्याची. तिनं सगळ्यांना गोल उभं केलं आणि विचारलं, तुम्ही कशाला आलात? पोरं वेगाबद्दल बोलली. मी म्हणालो, सहज. साडभाऊ म्हणाले, "आज संध्याकाळी मले माझ्या बायकोले पुढच्या सीटवर बसवून अकोल्याले न्यायचं आहे." सगळे हसले. ती मुलगी हसली नाही. साळीनं लांबून ऐकलं आणि डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

आधी बसायचं कसं, ते शिकवलं. मी इतकी वर्षं एका हातानं, रेलून गाडी चालवली. त्यावर माझ्या ऑफिसात लोक खूष असत. मुलीनं माझी सीट ताठ केली आणि घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला लावले. साडभाऊंच्या खिडकीशी ती वाकली आणि नुसतीच पुढं गेली. ते आधीपासून तसेच बसले होते.

मग ब्रेक. साठच्या वेगानं यायचं आणि पहिल्या शंकूपाशी ब्रेक मोडेल असा दाबायचा, सोडायचा नाही. मी जुन्या काळातला माणूस. दाब, सोड, दाब, सोड, असं थांबवायला शिकलेला, नाहीतर चाकं घसरतात. मी थांबलो तेव्हा शेवटचा शंकू माझ्या मागं राहिला होता. ती म्हणाली, "काका, पाय उचलू नका. ते दाब-सोड आता गाडीच करते." दुसऱ्यांदा मी दाबून धरला, तर पायाखाली ब्रेक थरथरायला लागला आणि पाय आपोआप वर आला. तिसऱ्यांदाही तेच. मागची पोरं शिट्टी वाजवायच्या बेतात होती, वयाकडं पाहून गप्प राहिली.

साडभाऊ पहिल्याच वेळी शेवटच्या शंकूच्या हातभर अलीकडं थांबले. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या वेळी तिथंच.

नंतर ओळीनं लावलेल्या शंकूंमधून नागमोडी जायचं होतं. शंकूकडं पाहू नका, जिथं जायचं तिथं पाहा, असं ती सांगत होती. मी शंकूकडंच पाहत होतो, आणि ज्याच्याकडं पाहिलं तो पडत होता. पाच पाडले. साडभाऊंची गाडी त्यातून अशी गेली की मला गादीवाले चाचा आठवले. मग टँकरनं पाणी मारून काँक्रीट ओलं केलं आणि वळणावर गाडी मुद्दाम घसरू द्यायला सांगितली. माझी उलटी फिरून तोंड शेडकडं करून थांबली. माझ्या बायकोनं पुरी तोंडापाशी तशीच धरलेली दिसली. साडभाऊंची घसरली आणि त्यांनी ती हळूच सरळ करून घेतली, झोपलेल्या पोराची कूस बदलावी तशी.

जेवायला बसलो. मी म्हणालो, त्यांची गाडी माझ्यापेक्षा नवी आहे. बायको म्हणाली, "मंग आमची काय बैलगाडी आहे?" साडभाऊ मुलीशी बोलत होते. तिनं विचारलं, "काका, तुम्हाला कोणी शिकवलं होतं?" ते माझ्याकडं बोट करून म्हणाले, "यायनं. यायच्या मागं बसून बसून पाहिलं. मागून रस्ता लांबवर दिसते." त्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, नव्हताच. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

चार वाजता तिनं सगळ्यांना गाड्यांतून उतरवलं आणि साडभाऊंकडं बोट करून म्हणाली, शेवटची फेरी फक्त हे काका करतील, सगळ्यांनी एकदा बघून घ्या. माझ्या सासऱ्यांच्या घरी पंगतीत जे व्हायचं, ते पुन्हा झालं. बारा-तेरा माणसं तोंड त्यांच्याकडं करून उभी, आणि मी कडेला. ते नागमोडी गेले, ओल्यावर घसरले, सावरले आणि आमच्यासमोर येऊन थांबले. टाळ्या पडल्या.

साळी खुर्चीवरून उठली. पदराला हात पुसले, पर्स उचलली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, तो डबा राहू दे तुझ्याकडं. मी आज गाडीतच जातो यायच्यासोबत." आणि ती चालायला लागली. साडभाऊ आतून वाकून तिच्यासाठी डावीकडचं दार उघडत होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तेव्हा मी बोललो.

"तिवस्याची गाडी मी ठोकली होती. बर्फ आणाले गेलो तवा. तुमच्या हातून काहीच लागलं नव्हतं."

छत्तीस वर्षं गिळलेलं वाक्य, आणि ते किती सोपं निघालं. साळी दोन पावलांवर थांबली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. साडभाऊ गाडीतून उतरले. ते ओरडतील, असं मला वाटलं. मी तयारही होतो. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साडभाऊ, दोन मिनिटं काहून नाही थांबले? ती आपल्या मनानं गाडीत बसून राहिली होती."

साळी गाडीत बसली, पुढंच बसली. पण ती रडत होती आणि त्यांची सारखी माफी मागत होती, आणि ते पट्टा लावत लावत तिची समजूत घालत होते. त्या दिवसभरात त्यांनी हातानं जे मिळवलं होतं, त्याचं आता कोणाला काही नव्हतं. सगळं माझ्या पत्र्याबद्दल झालं. गाडी फाटकातून बाहेर गेली आणि अकोल्याच्या रस्त्याला लागली.

घरी आल्यावर बायकोनं डबा घासून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "खरं बोलले तुमी. पण वेळ तुमची तुमी पाहिली." मी म्हणालो, मनावरचं ओझं होतं. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं मनावर होतं, अन् त्याच टायमाले जड झालं काय?" याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच मी ते तिला दिलं नाही. टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. आधी खरं लपवून जे घेतलं होतं, ते या वेळी खरं बोलून घेतलं.

फेब्रुवारीत तिवस्याला मेहुण्याच्या नातीचं बारसं होतं. साडभाऊंचा फोन आला, अमरावती वाटेतच आहे, तुमाले घेऊन जातो. महिना-दीड महिना त्यांचा आवाज ऐकला नव्हता. दारात गाडी आली. साळी पुढं बसलेली, पायाशी पाण्याची बाटली, हातात सोललेलं संत्रं, एक फोड त्यांना देत, एक स्वतः खात. ते म्हणाले, "बसा साडभाऊ, मागं जागा आहे." मी बायकोसोबत मागं बसलो.

तिवस्याला मी ठरवून गेलो होतो. जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना, मेहुण्याला सांगितलं: तुझ्या लग्नातला पत्रा, तुझे वडील, ती किल्ली, सगळं. वडील आता नाहीत, पण गोष्ट त्याच घरातून गावभर झाली होती, तिथंच ती मोडायला हवी होती. मेहुणा साठीचा झाला आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ द्या भाऊजी. होते असं." मग त्यानं सुपारीचं तबक माझ्यापुढं सरकवलं. जावयाला कोणी बोलत नाही. मी चेहरे पाहत राहिलो, एखादा तरी बोलेल म्हणून. साडभाऊ पाळण्याशी उभे राहून पोरीला खुळखुळा दाखवत होते.

परत निघालो तेव्हा हायवेला लागायच्या तोंडावर नागपूरकडून एक ट्रक येत होता, बराच लांब. मी असतो तर गाडी काढली असती. साडभाऊ थांबले. ट्रक गेला, आणि त्याच्या आड असलेली मोटारसायकल, जी मला दिसलीच नव्हती, तीही गेली. मग त्यांनी गाडी काढली. साळीनं त्यांना संत्र्याची फोड दिली. तिनं रस्त्याकडं पाहिलंही नव्हतं.

अमरावती येईपर्यंत मी त्यांच्या हातांकडं पाहत होतो. एखादी चूक सापडावी म्हणून.