मोटारीची खांदमळणी

आमच्या दाजींचा, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा, अपमान करायला कुणाला फार कष्ट पडत नसत. तो करून घ्यायला ते सकाळपासून तयारच असायचे. लग्नात आम्ही त्यांना पुलापासून मांडवापर्यंत बैलगाडीतून आणलं, हा त्यातला पहिला आणि थोरला अपमान. गाडी सजवलेली होती. बैल तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोटच्या पोरांपेक्षा निगुतीनं सांभाळलेले. पोटचा पोर मीच, त्यामुळे हे खात्रीनं सांगतो. पण दाजींना मोटार हवी होती. हातकणंगल्याला कचेरीत कारकून, रोज सायकलवरून कामाला जाणारा हा माणूस भर मांडवात म्हणाला, "पुन्हा ह्या दारात पाय ठेवीन तो मोटारीतनंच!" आणि नवरा येत नाही म्हटल्यावर बायकोनंही माहेरी यायचं नाही, हे ओघानंच आलं.

त्याला तीन वर्षं झाली. कसबा बावड्याहून हातकणंगलं काही विलायतेत नव्हतं. पण लेकीच्या सासरी आपण होऊन जायचं नाही, हा आईचा दंडक. ती आपली तिकडून माळवं, म्हणजे भाजी, विकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, "आमची आक्का दिसली का गं? वाळली काय?" एकीनं "चांगली जाड झालीया" असं सांगितलं, तर आई दोन दिवस खुशीत होती. ती बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होती हे मला कळलं, पण मी गप्प बसलो.

चौथ्या वर्षी बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, जवळ आला तसा आईनं आबांना निर्वाणीचा इशारा दिला. "औंदा बेंदराला लेक घरात दिसली न्हाय, तर पोळ्या तुमच्या बैलांनी लाटाव्यात." आबा दोन दिवस मळ्यात जाऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांची जुनी फियाट घेऊन आले.

आबा मोटार शिकले ते बैलांच्या हिशेबानं. वेग बेताचा. थांबायचं असेल तर लांबूनच पाय उचलायचा आणि गाडीला तिच्या मनानं थांबू द्यायचं. ब्रेक मारणं म्हणजे चालत्या जनावराच्या वेसणीला हिसका देणं, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे आमच्या मोटारीला ब्रेक आहे ही गोष्ट घरात सगळ्यांना ऐकूनच ठाऊक होती.

बेंदराच्या आदल्या दिवशी आबा उकिडवे बसून चाकाच्या भोकांतून आत बघू लागले. आतला ब्रेकचा ड्रम पार गंजला होता. "जावई वाकून बघणारा माणूस हाय," आबा म्हणाले. ते खरंच होतं. लग्नात दिलेल्या भांड्यांची बुडं दाजींनी उलटी करून बघितली होती. "हे रंगीवल्याबिगर गाडी दारात न्यायची न्हाय." बैलांची शिंगं रंगवून लाल रंगाचा अर्धा डबा उरला होता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे घरातला एकमेव इंजिनिअर. काम माझ्याकडं आलं.

मी गाडी दगडांवर चढवली, चाकं काढली, स्क्रू सोडवले आणि हातोडीनं चहूबाजूंनी ठोकल्यावर एकेक ड्रम घमेल्यासारखा हातात आला. तोवर गल्ली जमलीच होती. कोल्हापुरी मुलखात एक माणूस काम करू लागला की चार माणसं जमतात, त्याला ते काम येत नाही हे त्याला सांगायला. एकानं लालवर पिवळे ठिपके सुचवले. दुसऱ्यानं हा रंग शेजारच्या बैलाला कसा लाभला नव्हता ते सांगितलं. मी कुणाचंही न ऐकता चारी ड्रम बाहेरून लालभडक केले आणि पोत्यावर वाळत घातले. इतकं सुंदर काम चाकाआड झाकलं जाणार याचं मला मनापासून वाईट वाटलं.

संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, तिथं बेंदराच्या आदल्या दिवशी तेल-हळद चोळायची, अशी आमच्याकडची रीत. बैल उरकून आबा वाटी घेऊन ड्रमांपाशी आले. एक उचलून त्यांनी आतून बोट फिरवलं. आतली कड घासून घासून गुळगुळीत, चकचकीत झाली होती.

"हितं काय घासतंय रं?"

"ब्रेक," मी म्हणालो.

"सारखं?"

"सारखं. घासतो म्हणून तर गाडी थांबते."

आबांचा चेहरा उतरला. "आणि हितं कुणी कधी तेलाचं बोट लावलं न्हाय? मुकं हाय म्हणून व्हय?"

त्यांनी चारी ड्रम आतून निथळेपर्यंत तेल-हळदीनं मळले. मग आत जे ड्रमवर घासतं तेही बिचारं कोरडं का ठेवा, म्हणून त्यालाही दोन हात चोळले. घर्षण हा विषय मला पहिल्या वर्षाला होता आणि त्यात मला फार चांगले गुण होते. त्या गुणांना जागून मी एकच हरकत घेतली. "आबा, बाहेरच्या रंगाला बोट लावू नका, अजून ओला आहे."

सकाळी मी ड्रम आणि चाकं परत बसवली, आईनं मोटारीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आम्ही निघालो. शिरोलीजवळ एक म्हैस आडवी आली. आबांनी नेहमीसारखा पाय उचलला, म्हैस तिच्या सवडीनं गेली आणि मग आम्ही गेलो. काही बिघडलंय हे कळायला काही कारणच घडलं नाही.

दाजींची गल्ली उताराची. डॉक्टरांची मोटार घेऊन येतोय, असा निरोप आबांनी धाडला होता आणि दाजींनी तो आठवडाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवलेला. कट्ट्याकट्ट्यावर माणसं बसली होती. दाजी टेरिकॉटची पँट घालून पायरीवर उभे, मागं दारात आक्का पिशवी घेऊन. आबांनी एक हात वर करून "राम राम, पावणं!" म्हटलं आणि मोटार घेतल्यापासून पहिल्यांदाच ब्रेकवर भक्कम पाय दिला.

मोटार आपली चालत राहिली. नमस्कारासाठी जोडलेले दाजींचे हात आमच्याबरोबर डावीकडून उजवीकडं वळत गेले. मी हँडब्रेक ओढला. तो मागच्या चाकांना लागतो, पण तीही तेवढ्याच मायेनं मळलेली होती. आबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग मागं खेचलं आणि बैलांना थांबवतात तसे ते ओरडू लागले, "हो! हो राजा! हो!" गल्लीला वाटलं, मोठ्या उत्साहानं रामराम चाललाय. काही लोकांनी उलट रामरामही घातला. शेवटी मोटार गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यात बॉनेटपर्यंत रुतून उभी राहिली.

दाजी सावकाश चालत आले. बोलले ते आमच्याशी नव्हे, गल्लीशी. "बघितलंसा? माझ्या दारावरनं गाडी फुडं नेली!"

"पावणं, ब्रेकच लागला न्हाय वो," आबा काकुळतीनं म्हणाले.

"डॉक्टरच्या दारात लागत हुता की! माझ्याच दारात लागला न्हाय व्हय?"

मग दाजींनी वाकून चाकाच्या भोकातून बघितलंच. लाल रंगावरून पिवळं तेल ओघळत होतं. "हे हळद-कुंकू कसलं? करणी करून आणलीया काय?" आबा खांदमळणीचं सांगू लागले, मी घर्षणाचं सांगू लागलो, दाजी मांडवातल्या बैलगाडीपासून सगळं पहिल्यापासून सांगू लागले. तिघंही एकाच वेळी बोलत होतो.

आक्का पिशवी घेऊन जवळ आली. तिनं ती चाकं बघितली, आबांचे पिवळे हात बघितले आणि पोट धरून हसली. तिचं हसणं इतके दिवस ऐकलं नव्हतं की मला एकदम रडू आलं. मग ती दाजींना म्हणाली, "मोटार आली न्हवं? थांबली न्हाय, पर आली. मी जातो." आणि सरळ स्टँडकडं चालू लागली. उकिरड्यातली मोटार तशीच टाकून आम्ही दोघं तिच्यामागं धावलो. दाजी धावले नाहीत, गल्ली बघत होती.

तासाभरात एस.टी.नं आम्ही बावड्यात उतरलो. आई रस्त्याकडेला मोटारीची वाट बघत उभी होती. मोटार कुठं राहिली हे तिनं संध्याकाळपर्यंत विचारलं नाही.

दुपारी पोळ्या लाटता लाटता आक्का म्हणाली, "ही यष्टी तीन वर्षं बंद हुती काय आबा?"

"न्हाय," आबा म्हणाले. "पर जावई येत न्हाय म्हटल्यावर..."

"बोलावणं समदं त्यास्नीच की. मला इचारलं असतं तर मी पयल्याच बेंदराला आलो असतो."

आबा मळ्यात निघून गेले. मला कुठंही जाता आलं नाही. गेल्या तीन बेंदरांना दाजींना धाडलेली बोलावण्याची तिन्ही पत्रं माझ्या हातची होती, अक्षर चांगलं म्हणून. दाजींची तब्येत, त्यांच्या वडिलांचा खोकला, त्यांच्या आईचे गुडघे, कचेरीतली बढती, सगळ्यांची मी त्यांत आपुलकीनं चौकशी केली होती. आक्का कशी आहे, एवढं विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.