लंकेतल्या पोरांचा चिवडा
शेजारी चिवड्याची फोडणी पडली की मले तो हिवाळा आठवते. आमच्या गावची तीन पोरं फौजेसंग लंकेत गेलती. बायकोनं घरोघरून चिवडा गोळा केला, डब्यात भरून वरून कापड शिवलं, अन् आम्ही हिंगणघाटच्या पोस्टात नेला. बाबू म्हणे, "मावशी, तेल गळून राह्यलं. नाई घेत." ती बाहेर गेली. जिनिंगले कापूस नेणाऱ्या बैलबंड्यांतून रस्त्यावर सांडलेला कापूस तिनं पदरात वेचला, शिवण उसवून डब्याभोवती कोंबला अन् तिथंच पायरीवर बसून परत शिवलं. बाबू हसला, "फौजीले गादी पाठवून राह्यली का?" "झोपतीन त्यावर. तू लाखेचं सील लाव." वाटेत मी म्हटलं, पोचलं नाई तर? म्हणे, "तर दुसरं शिवीन." ती गेली. आता मी हातपाय गाळून बसलो, तर असं बोलणारं घरात कोणी नाई.