सोयरिकीसाठी घेतलेला थर्मास

उमरखेडच्या आमच्या गल्लीत कुणाला थर्मास घ्यायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. सल्ला मी चांगला देतो, त्यात वाद नाही. पण माझं बोलणं सुरू झालं की आतून माझ्या बायकोचं, सुनंदाचं हसणं ऐकू येतं, आणि आलेला माणूस विचारतो, वहिनी काहून हसून राह्यल्या? तुम्हीही विचारणारच. तेव्हा बसा, आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्याकडून ऐकलंत तर तो तिखटमीठ लावून सांगेल.

माझा थोरला भाऊ, दादा, फुलसावंगीला शेती करतो. मी उमरखेडला एका सरकारी कचेरीत कारकून. दादाचा मुलगा मंगेश शाळेसाठी आमच्याकडेच राहिला, सुनंदाच्या हातचं खाऊन मोठा झाला. पोरगा कामाचा. सुपारीचं खांडही खात नाही. दोष एकच, गावी परतून शेती करतो. आणि हल्ली पोरीचा बाप स्वतः शेतकरी असला तरी त्याला जावई नोकरीवालाच लागतो.

मंगेशसाठी दोन सोयरिकी आल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या नकारानंतर पोरगा घरात कुणाशी धड बोलेना. सकाळीच वावरात जायचा, अंधार पडला की यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. काही करून तिसरी सोयरीक हातची जाऊ द्यायची नाही, असं मी मनाशी ठरवलं.

आता पाहुणे घर बघतात, मुलगा बघतात, पण खरं बघतात ते वावर. आणि दादाचं वावर गावापासून बरंच आत. पहिल्या वेळी वहिनींनी घरून किटलीत चहा पाठवला, तो पांदणीच्या कच्च्या वाटेनं हिंदकळत पोचला तेव्हा वर साय धरली होती. दुसऱ्या वेळी दादानं वावरातच तीन दगड मांडून कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर चहा उकळला. पाहुणे धुरानं इतके खोकले की बोलणी राहूनच गेली. दोन्हीकडून नकार आला.

तुमच्यासारख्या शहाण्या माणसानं यातून काय अर्थ काढला असता? पोरीला नोकरीवाला पाहिजे होता, एवढाच ना? मी काय अर्थ काढला? चहा!

म्हणून मी थर्मासच्या मागे लागलो. कचेरीतल्या लोकांना विचारलं, मोबाइलवर रात्ररात्र बघितलं, आणि मग बाजारातल्या भांड्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी आतून काचेचा दाखवला. मी तो हातातसुद्धा घेतला नाही. काचेचा थर्मास गाडीला बांधून पांदणीनं नेला की आत चहाबरोबर काचाही खळखळतात. मला स्टीलचा हवा होता, दुहेरी भिंतीचा, मधली हवा काढून घेतलेला. झाकणाचं रबर दाबून बघितलं. बुचाचा वास घेतला. आतून घासता येईल का, म्हणून तोंडातून पंजा घालून बघितला. तो जरा अडकला, पण निघाला.

दुकानदार म्हणाला, "साहेब, चहाच पेयाचा आहे ना यातून?"

त्याचं चुकलं नव्हतं. पण माझी शेवटची परीक्षा बाकी होती. गाडीवरून पडला तर टिकेल का, हे बघायला मी तो डोक्याइतका उंच धरला आणि दुकानाच्या फरशीवर सोडला. ठण्णकन आवाज झाला. शेजारचा कापडवाला बाहेर आला. थर्मास टिकला, बुडाला फक्त अंगठ्याएवढा पोचा आला. तोवर मी नुसता विचार करत होतो, आता घ्यावाच लागला.

त्याच्यासोबत दोन कप मिळाले. तेही दुहेरी भिंतीचे. आत कितीही कढत काही असू द्या, बाहेरून हाताला गारच. मला वाटलं, हा केवढा गुण!

घरी आल्यावर रीतसर चाचणी घेतली. सकाळी त्यात उकळतं पाणी भरलं, गाडीला बांधून कचेरीत नेलं, मुद्दाम खड्ड्याखड्ड्यातून परत आणलं आणि संध्याकाळी बूच काढून आत बोट घातलं. पुढचं काय सांगू! सुनंदानं बोटाला तूप लावलं आणि म्हणाली, "पाहुण्याइले आधी सांगजा बरं, गरम आहे म्हणून."

"सांगायचं कायले?" मी म्हटलं. "पयल्या घोटातच कळलं पायजे."

तिसऱ्या सोयरिकीचा दिवस आला. पोरीचे वडील किसनराव, दिग्रसकडचे शेतकरी, आणि त्यांच्यासोबत पोरीचा मामा. दादाच्या घरी चहा-पोहे झाले, आणि वावराकडे निघायच्या वेळी वहिनींनी टोपलीत कप-बश्या ठेवल्या. किसनराव बशीतूनच चहा पितात, हे त्यांनी सकाळीच हेरलं होतं. मी त्या बश्या काढून ठेवल्या. बशीत ओतला की चहा निवतो, मग एवढा थर्मास घेतला कशाला?

किसनराव म्हणजे बोलका माणूस. पांदणीनं जाताना एक मिनिट गप्प नाही. तुरीला शेंग किती धरली, कापसाची तिसरी वेचणी कशी झाली, त्यांचा गुडघा कधीपासून दुखतो, पोरगी पल्लवी बी.एस्सी. झाली आणि तिला आता बी.एड. करायचं मनात आहे, सगळं सांगून झालं. मंगेशच्या खांद्यावर हातही ठेवला त्यांनी. मी मनात म्हटलं, जमलं.

धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याखाली सतरंजी टाकली. मामांनी चहा सोडलेला, ते मंगेशसोबत विहीर बघायला गेले. सतरंजीवर किसनराव, दादा आणि मी. मी थर्मास उघडला, कप काठोकाठ भरला आणि किसनरावांच्या हातात दिला. गरम आहे, असं अर्थातच सांगितलं नाही.

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. जरा थांबले. मग एकदम अर्धा कप तोंडात रिकामा केला.

त्यांचे डोळे मोठे झाले. मग डोळ्यांत पाणी आलं. गळ्याचा मणी एकदा वर गेला, खाली आला. मी दादाकडे अभिमानानं बघितलं. वेलदोडा मी स्वतः कुटून घातला होता.

"कसं वाटलं वावर?" मी विचारलं.

किसनराव काही बोलले नाहीत. समोरच्या तुरीकडे बघत राहिले. मघापासून ज्या माणसाला गप्प बसवणं कठीण होतं, तो आता हुं की चूं करेना. तरी मी थर्मास पुढे केला, अजून घ्या म्हटलं, आणि विचारलं, "रस्त्याचं खटकलं काय?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही.

आता सांगा, रस्त्याचं खटकलं का, या प्रश्नाला माणूस नाही म्हणतो म्हणजे खटकलं नाही, हे कुणालाही कळेल. पण मला ती मान काही वेगळीच दिसली. मला दिसलं, हा माणूस सगळ्यालाच नाही म्हणतो आहे. मी लगेच म्हटलं की पांदणीवर या उन्हाळ्यात मुरूम टाकून घेऊ, तुमची गाडी थेट विहिरीपर्यंत येईल. आणि थर्मास पुढे केला.

पुन्हा मान. नाही.

मग मी घरावर आलो. पोरीची गैरसोय होणार नाही, नवं न्हाणीघर बांधू, टाइल्सचं, आत गरम पाण्याचा नळ. दादा खाकरला. न्हाणीघर त्याच्या घरात बांधायचं होतं आणि ते त्याला आत्ताच कळत होतं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. थर्मास पुढे केला.

किसनरावांनी हातच वर केला. नको.

माझ्या डोळ्यांपुढे मंगेशचं तोंड आलं. तो तिकडे विहिरीवर मामाला मोटर दाखवत होता, आणि अधूनमधून आमच्याकडे बघत होता. मला ते सोसेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरीले खेड्यात करमणार नाही, हेच ना भाऊ? मंग दोघं उमरखेडात राह्यतील. आमच्या घराचा वरचा मजला रिकामाच आहे. मंगेश वावर करून गाडीनं येत जाईल."

दादानं तोंडातला तुरीचा दाणा गिळला. किसनरावांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, विचार केल्यासारखं, आणि सावकाश मान हलवली.

तरीही नाही! आता माझ्याजवळ काय उरलं होतं? मी म्हटलं, पल्लवीचं बी.एड. मी करून देतो. फी माझी. कॉलेज गावाबाहेर आहे, पण काळजी नको, रोज सकाळी मी स्वतः तिला माझ्या गाडीवर नेऊन सोडीन. पाऊस असो की थंडी.

किसनराव आभाळाकडे बघत राहिले. मी म्हटलं, वरच्या मजल्याला कूलरही लावतो.

तेवढ्यात मामा आणि मंगेश परत आले. किसनरावांनी कप खाली ठेवला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि जरा जड जिभेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले पोरगा पसंत आहे."

मंगेश तिथंच खाली बसला. दादानं डोळे पुसले. माझेही भरून आले, खोटं कशाला बोलू.

पाहुणे गेल्यावर दादा मात्र म्हणाला, "सुध्या, तू सोयरीक करून राह्यला होता का घर वाटून राह्यला होता?" सुनंदाला वरच्या मजल्याचं सांगितलं तेव्हा ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी झाडू घेऊन वर गेली, तेव्हा मला कळलं की तिलाही पोरगं घरात परत हवंच होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. मंगेश आणि पल्लवी आमच्या वर राहतात. सून गुणाची आहे, मंगेशचं तोंड आता बघण्यासारखं असतं. माझ्या एका गोष्टीवर मात्र मी फार खूश होतो. सगळे म्हणत तू उगाच वाहवत गेलास, आणि मी म्हणे, अरे, मी बोललो म्हणून सोयरीक जुळली. नाहीतर तो माणूस उठून चालला होता.

मग दिवाळीनंतर किसनराव मुक्कामाला आले. दुपारी चहाला आम्ही दोघं आणि सुनंदा अंगणात बसलो होतो. मी व्याह्यांना मोठ्या मानानं विचारलं, "इवाई, आता तरी सांगा. त्या दिवशी वावरात तुमच्या मनात नेमकं काय खटकून राह्यलं होतं?"

"काहीच नाही," किसनराव म्हणाले. "मले तर पांदणीतच पोरगा पसंत पडला होता."

"मंग तुम्ही नाही नाही काहून म्हणून राह्यले होते?"

"चहाले म्हणून राह्यलो होतो, भाऊ. कप गार लागला हाताले. म्हटलं, बिचाऱ्यायनं एवढ्या दुरून आणला, निवला असंल, पटकन पिऊन घ्यावं, त्यायले वाईट नको वाटाले. अन् तोंडात विस्तव! जीभ अशी भाजली की शब्द निघेना. अन् तुमी तर घडीघडी थर्मास पुढं करून राह्यले."

सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी कसाबसा सावरलो.

"म्हणजे वरचा मजला, बी.एड., कूलर... हे सगळं तुमाले नकोच होतं?"

"मागितलं कोणं?"

"मग निदान हातानं तरी थांबवाचं ना, इवाई! बोलता येत नव्हतं, तर..."

किसनराव बशीतला चहा फुंकून प्यायले. मग शांतपणे म्हणाले, "नाही, वरच्या मजल्यापर्यंत जीभ चांगली झालती. पण म्हटलं, माणूस देऊन राह्यला, तर अजून काय काय निघते ते पाहू."

सुनंदा पदर तोंडाला लावून आत पळाली. वरच्या खिडकीतून पल्लवीनं हाक मारली, काका, उद्या परीक्षा आहे, जरा लवकर निघायचं बरं का. मी हो म्हटलं, आणि गाडीत पेट्रोल भरून आणायला उठलो.