पैलवानाचा शब्द

मळ्यातल्या त्या विहिरीचे लाल पाणी माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता आणि मी अकोटला फौजदार होतो. खटला उभा राहिला नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात असण्याचे कारण नाही. मी मात्र विसरलो नाही.

त्या उन्हाळ्यात तालुक्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. अकोटच्या शाळेतल्या एका मास्तरांनी जवान पोरांचे सेवा मंडळ काढले होते. संध्याकाळी लाठी, मल्लखांब. एरवी जत्रेत पाणी वाटणे, नाल्या उपसणे. साथ आली की ही पोरे गावोगाव फिरून विहिरींत सरकारी दवाखान्याचे लाल औषध टाकत. अशा मंडळांवर आमच्या खात्याची नजर असे. त्यातून मास्तरांनी एका पैलवानाला आत घेतले होते. चाकूच्या मारामारीत तो तुरुंगात जाऊन आला होता आणि दर आठवड्याला त्याला ठाण्यात हजेरी द्यावी लागे. त्याच्याबद्दल मीच मास्तरांना सावध केले होते.

एका दुपारी जवळच्या खेड्याचा कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला. "सायेब, लवकर चला! लोकायनं पैलवानाले धरलं. त्यानं विहिरीत इख टाकलं म्हणतेत. सकाऊन माळ्याचं पोरगं मेलं."

तीन शिपाई घेऊन मी निघालो. मळ्यातल्या विहिरीजवळ सारा गाव जमला होता. पैलवानाला निंबाला बांधले होते, कपाळातून रक्त वाहत होते. मेलेल्या पोराचा बाप, भाजीपाला करणारा माळी, हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता. "पाहा सायेब, पाणी कसं रक्तावानी झालं!" तो ओरडला.

पैलवानाला सोडवून मी चावडीत आणले आणि दार लावले. बाहेर गलका वाढत होता. कौलांवर दगड पडू लागले. आम्ही चौघे, बाहेर सारा गाव, आणि अकोटहून जादा शिपाई यायला वेळ होता.

लाल भुकटी औषधच असणार, याची मला खात्री होती. पण ती रसायनशाळेकडून तपासून येईपर्यंत लोक थांबले नसते. शिवाय एक गोष्ट खटकत होती. मंडळाची बाकी पोरे पुढच्या गावाला गेली होती. हा एकटाच इथे राहिला होता, आणि भल्या पहाटे मळ्यात फिरताना लोकांनी त्याला पाहिले होते.

"तू इथं कशाला थांबलास?" मी विचारले.

"मंडळाचं काम होतं."

"कोणाच्या घरी?"

"ते नाई सांगत, सायेब. शब्द देल्ला हाय."

मी दरडावले, पुन्हा तुरुंगात पाठवीन म्हणालो. तो खाली मान घालून बसला. एक दगड कौल फोडून आत पडला. शिपाई माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

तेवढ्यात माझे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. नखांत चुना होता, बोटांची कातडी चुन्याने सोलली होती. तंबाखूचा चुना म्हणावा, तर तंबाखू मास्तरांनी त्याला कधीच सोडायला लावली होती. पटकीच्या रोग्याची घाण पुरताना वर चुना टाकतात, हे मला ठाऊक होते.

"रोगी कुठं लपवलाय?" मी हळूच विचारले.

त्याचे डोळे भरून आले. "म्या रोज म्हणून रायलो सायेब, डाक्टरले आणू दे. ते बाई म्हणे, सरकार माह्या पोरीले उचलून नेईन, घर जाळीन." पण ती कोण, हे त्याने तरीही सांगितले नाही.

बाहेर एकाएकी आवाज बदलला. मी दार किलकिले केले. एक विधवा माळीण गर्दीतून वाट काढत पुढे येत होती. "त्याले काहून मारता?" ती किंचाळली. "पटकी माह्या घरी हाय! लेकीचे कपडे म्या विहिरीवरच धुतले. याच्या मिठाच्या पाण्यानं लेक जगली. मारा मले!"

मग माळी कुऱ्हाडीसह तिच्याकडे वळला. मी पुढे होण्याआधीच पैलवान मला ढकलून बाहेर गेला आणि तिच्यापुढे उभा राहिला. त्याने हात उचलला नाही, शिवीही दिली नाही. नुसता उभा राहिला. आता एक घाव, की सगळे संपले, असे मला वाटले.

माळ्याच्या हातातून कुऱ्हाड गळाली. तो मटकन खाली बसला. "पैलवान," तो म्हणाला, "माह्या धाकटीलेबी उलट्या सुरू झाल्या. सकाळपासून. म्या कोणाले सांगतलं नाई."

रक्त पुसायलाही न थांबता पैलवान त्याच्या घराकडे धावला. संध्याकाळी डॉक्टर आले. धाकटी वाचली, माळणीची लेकही वाचली. कोणाचेही घर जाळले नाही.

मारहाणीची फिर्याद द्यायला पैलवानाने नकार दिला. त्याची हजेरी बंद करावी, असे मी वर लिहिले. वरच्यांना मंडळाचाच संशय होता, त्यामुळे हुकूम यायला फार दिवस गेले. तोवर तो दर आठवड्याला मुकाट्याने येत राहिला.

नोकरीत मी गुन्हेगार सुधारल्याच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या. बहुतेक वेळा मार आणि भीती यांनी माणूस फक्त लपायला शिकतो. त्या गावानेही आमच्या भीतीनेच रोग लपवला होता. मास्तरांनी पैलवानाला वेगळे काय दिले, ते मला त्याच्या शेवटच्या हजेरीला कळले. सही करून तो दारात घोटाळला.

"सायेब, म्या आदीच बोललो असतो, तर माळ्याचं मोठं पोरगं वाचलं असतं का?"

ज्याच्यावर चाकू चालवला, तो माणूस जगला की मेला हेदेखील एके काळी त्याने कधी विचारले नव्हते. मी उठून त्याला बसायला खुर्ची दिली.