आरतीपुढे खाली आलेला काटा

खंडेनवमीला मशीन बंद ठेवून पूजा करायची नाही, ही आमच्या कारखान्यातली रीत. झाकणसुद्धा उघडं ठेवायचं. "झोपलेल्या देवाची आरती कोन करतो?" काका विचारायचे. काका म्हणजे आमचे फोरमन, इथल्याच गावठाणातले. कारखाना यायच्या आधी या जागेवर त्यांच्या घरच्यांचं भातशेत होतं म्हणे.

मला आत घेतलं ते त्यांनीच. माझी शाळा आठवीत सुटली, गाव राहिलं माण तालुक्यात, आणि इथं जवळच दिघ्याला दोन मुलींबरोबर खोली घेऊन मी काम शोधत फिरत होते. गेटवर काकांनी विचारलं, "हात थरथरतात का गं बाय?" मी म्हटलं, "भीतीनं थरथरतात, कामात नाही." ते हसले. पण दिवाळीपर्यंत मी ट्रायलवर. पुढं ठेवायचं की नाही, ते टेस्टिंगच्या मॅडम ठरवणार होत्या. झोपताना, उठताना, डबा भरताना डोक्यात तेवढंच असायचं.

आम्ही वायरलेस टॉवरवरचे अॅम्प्लिफायर बनवतो. बारीक सिग्नल आत जातो, दणकट होऊन बाहेर पडतो. हे काम करणारा ट्रान्झिस्टर तापतो, आणि तापला की आणखी करंट ओढायला लागतो, म्हणजे आणखी तापतो. सोडला तर स्वतःलाच जाळून घेईल. म्हणून त्याच्या शेजारी, अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर, ज्वारीच्या दाण्याएवढा एक सेन्सर चिकटवायचा. आम्ही त्याला मणी म्हणतो. पट्टी तापली की मण्याला कळतं, मण्यावरून सर्किटला कळतं आणि ते ट्रान्झिस्टरचा लगाम ओढतं. गार झालं की सैल सोडतं. त्यामुळं थंडी असो की मे महिना, बाहेर पडणारी पॉवर तेवढीच राहते. मणी चिकटवायचं काम माझं.

त्या दिवशी पाठवायला तयार असलेला सेट टेबलावर चालू ठेवला होता. गरम ओव्हनची टेस्ट त्यानं आदल्याच आठवड्यात पास केली होती. झेंडूची माळ घातलेली, वर बाहेरची पॉवर दाखवणाऱ्या मीटरचा काटा ठाम उभा. काकांनी आरतीचं ताट फिरवलं, निरांजन उघड्या झाकणाशी नेलं, आणि काटा खाली आला.

घंटा वाजवणाऱ्याचा हात थांबला. काकांनी ताट मागं घेतलं. काटा हळूहळू वर चढला.

"अपशकुन," कुणीतरी कुजबुजलं.

मशीनला देव नको झाला की काय, असंच वाटलं मला खरोखर. मॅडम मात्र पुढं आल्या. "काका, आरती परत आणा. इथं, या कोपऱ्यात."

"मॅडम, आरतीची चेष्टा नको."

"चेष्टा नाही हो. आणा."

ज्योत जवळ गेली, काटा खाली. मॅडमनी वाकून आत मण्यावर हळूच फुंकर घातली, काटा वर. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मणी हवेत आहे. पट्टीला चिकटलेला असता तर एवढ्याशा ज्योतीनं त्याला काय होतंय? एवढी जाड पट्टी तापायला वेळ लागतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "टॉवरवर ट्रान्झिस्टर जळून गेला असता, आणि हा मस्त वाऱ्यावर डोलत बसला असता."

त्यांनी सप्लाय बंद केला. "कोणी चिकटवलाय?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. "मी," म्हटलं. डोळ्यांपुढं गावाकडं परत नेणारी एसटी उभी राहिली.

मॅडमनी चिमट्यानं मणी उचलला, भिंग लावलं. "गोंद तर जागेवर आहे. मण्याचा खळगासुद्धा आहे त्यात. चिकटवला नीटच होता. ओढून निघालाय. कोणी ओढला?"

मग काकांनी ताट टेबलावर ठेवलं.

"मीच. काल सेट पुसला. देवापुढं कालाकुट्ट कसा ठेवायचा? फडका कशात तरी अडकला, मी दिला हिसका." सगळा हॉल ऐकत होता. "या पोरीचा काय संबंध नाय."

आमच्याकडं मोठ्या माणसानं चूक केली तर लहानांनी ती गिळायची असते. घरी मी तेच बघत आले. ज्या माणसापुढं अख्खा कारखाना चहाचा कप खाली ठेवून उभा राहतो, त्यानं ताट ठेवून सगळ्यांदेखत असं म्हणावं? मला रडूही येईना. मी नुसती त्यांच्या हातावरच्या कुंकवाकडं बघत राहिले.

"काका," मॅडम म्हणाल्या, "पुसलंत तुम्हीच आणि पकडलंतही तुम्हीच. आरती नसती तर हा सेट तसाच संध्याकाळच्या गाडीनं गेला असता."

दोन नळ्यांतला गोंद एकत्र कालवून मी मणी पट्टीवर नव्यानं चिकटवला. हात थरथरत होते, पहिल्यांदाच कामात. गोंद सुकल्यावर मॅडमनी सेट ओव्हनमध्ये चढवला. आत भट्टीसारखं तापलं तरी काटा जागचा हलला नाही. बाहेर काढून निवल्यावर काका गुपचूप निरांजन घेऊन आले, त्याच कोपऱ्याशी धरलं. काटा ठाम.

"बघा, देवानं ऐकला."

"गोंदानं ऐकलं, काका," मॅडम म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी फडकं फक्त झाकणावर."

सगळे हसले. मला हसायचंही सुधरत नव्हतं. धीर करून विचारलं, "मॅडम, माझं दिवाळीनंतर..."

"दिवाळीनंतर काय? मणी काय मी चिकटवू?" त्या भिंग पुसत म्हणाल्या, आणि पुढचा सेट माझ्याकडं सरकवला.

घरी फोन लावला तेव्हा आईनं विचारलं, "रडतीस का गं? काढलं का काय कामावरनं?" नाही म्हणायला मला किती वेळ लागला. तोवर ती बिचारी तिकडं वडलांना हाका मारत सुटली होती.